क्लिफची स्वस्तातली बिअर

शेटलंड, २० एप्रिल १९७६

प्रिय ऑड्री,

सुखरूप पोचलो. बोट फार हलली, पण मी उभा राहिलो; बाकीचे आडवे होते. बांधकामाच्या कॅम्पवरची खोली लहान आहे आणि खिडकीतून सिमेंटच्या गोण्या दिसतात. त्या मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या हेच माझं काम, त्यामुळे नजरेसमोर आहेत ते बरंच.

आता मुद्द्याचं. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली, मी पांढरं प्लास्टिकचं पिंप ठेवलंय. निघायच्या आदल्या दिवशी त्यात बिअर लावली आहे. डब्यातला माल्टचा पाक, साखर, पाणी आणि पुडीतलं यीस्ट, बस. बाकीचं काम निसर्ग करतो, फक्त त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. ते तू ठेवायचंस. चार पानी सूचना कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. फेस आला तर घाबरू नकोस. नाही आला तर घाबर आणि मला कळव. कपाटाजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, आणि शेजारच्या ब्रेंडा सग्डनला तर जिन्यापर्यंतसुद्धा येऊ देऊ नकोस. बिअरला शांतता लागते.

तू म्हणालीस की हा नवीन खर्च कशाला. अगं, यासारखा स्वस्त छंद दुसरा नाही. पबमध्ये एका पाइंटला बत्तीस पेन्स पडतात, घरी पाच. जितकी जास्त प्यावी तितकी बचत जास्त. हे मी बोटीवर सगळ्यांना समजावून सांगितलं आणि कुणालाही ते खोडता आलं नाही.

सप्टेंबरात गावच्या फळा-भाज्यांच्या प्रदर्शनात यंदा पहिल्यांदाच घरच्या बिअरची स्पर्धा आहे. पहिलं बक्षीस मीच आणणार, असा शब्द मी क्लबात रेमंड होलरॉइडच्या तोंडावर दिलाय. आपल्या घराची अब्रू त्या पिंपात आहे असं समज.

तुझा,
क्लिफ

*

थॉर्नक्लफ, ५ मे

प्रिय क्लिफ,

पत्र पोचलं. तुझ्या बिअरला फेस आला, मग झाकण उचललं गेलं, मग टॉवेल भिजले. त्या वासानं शाळेच्या स्वयंपाकघरात दोन दिवस मुलं माझ्याकडे बघून नाक मुरडत होती. मुख्याध्यापकबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ऑड्री, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, नवरा बाहेरगावी आहे. त्यांनी माझा हात दाबला. त्यांना काय वाटलं असेल ते तूच समज.

नंतर फेस बसला, तेव्हा सूचनेप्रमाणे बाटल्या धुतल्या. छत्तीस बाटल्या टबात भिजत होत्या, म्हणून मी दोन दिवस बेसिनपाशी उभं राहून अंग पुसलं. बुचं मारायचं यंत्र शोधायला शेडमध्ये गेले तर तीन सापडली. शिवाय दोन रिकामी पिंपं, घनता मोजायच्या काचेच्या चार नळ्या आणि 'तज्ज्ञांसाठी' असं लिहिलेली एक पेटी, अजून न उघडलेली. मी शेडचं दार परत लावून घेतलं.

एक विचारायचं आहे. तिसऱ्या पानावर 'प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर' असं लिहिलंयस, आणि चौथ्या पानावर 'दोन चमचे'. तुझं उत्तर यायला दहा दिवस लागतील आणि बिअर थांबणार नाही, म्हणून चौथं पान नंतरचं धरून मी दोन घातले. हे बरोबर की चूक ते कळव. बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्यात.

एक घोट चाखून पाहिला. ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. तसाच लागायला हवा का?

जूनमध्ये तू येशील तेव्हा गटाराची जाळी बघावी लागेल.

ऑड्री

*

शेटलंड, १९ मे

प्रिय ऑड्री,

ओला पुठ्ठा म्हणतेस ती माल्टची चव. ती कळायला जीभ तयार व्हावी लागते. चहा पिणाऱ्या माणसाला ती एकदम कळत नाही, त्यात तुझा दोष नाही.

इथे लोकांना माझ्या या विषयातल्या माहितीचं फार कौतुक आहे. जेवणानंतर सातआठ जण माझ्या टेबलाशी येऊन बसतात. काल एक वेल्डर म्हणाला, "क्लिफ, तू यावर पुस्तक लिही." मी म्हटलं, वेळ कुठाय.

वेळेवरून आठवलं, माझी जूनमधली सुट्टी रद्द झाली. कामच इतकं आहे. साहेब म्हणाले, "तुझ्यावाचून भांडार बंद पडेल." वाईट वाटलं, पण करतो काय. जाळीचं प्लंबरला सांग.

टपालानं एक छोटं बॅरल येईल, नळ आणि गॅसची नळी असलेलं. पैसे भरलेत. महाग वाटेल, पण बाटल्यांचा खर्च वाचतो. शेडमध्ये माल्टचा दुसरा डबा आहे, तो जूनअखेरीस लाव. सूचना त्याच.

तुझा,
क्लिफ

*

थॉर्नक्लफ, २९ जून

प्रिय क्लिफ,

तू साखरेचं काही कळवलं नाहीस. आता कळवायची गरज उरली नाही.

इथे आठवडाभर असं ऊन आहे की रस्त्याचं डांबर बुटाला चिकटतं. परवा रविवारी रेव्हरंड पिकल्स चहाला आले होते. चॅपलच्या छपराच्या वर्गणीचं बोलत होते. "मिसेस अ‍ॅक्रॉइड, तुमच्या घरात किती शांतता आहे," एवढं म्हणाले आणि जिन्याखाली पहिली बाटली फुटली. मग दुसरी, मग चारपाच एकदम. रेव्हरंड टेबलाखाली गेले. युद्धात ते इटलीत होते, त्यामुळे त्यांना जायला मुळीच वेळ लागला नाही. मी जिन्याखालच्या कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहिले, कारण काच बाहेर येईल अशी भीती वाटली. एकवीस फुटल्या. आवाज थांबल्यावर रेव्हरंड बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "आल्याची बिअर असेल, नाही का? मुलांना फार आवडते." आपल्याला मुलं नाहीत हे त्यांना माहीत आहे. फार सज्जन माणूस.

ब्रेंडा आणि वरच्या गल्लीतली टॉर्डॉफ आजी झाडायला मदतीला आल्या. आजी आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिनं फुटक्या बाटलीच्या बुडाशी राहिलेलं बोटानं चाखलं आणि म्हणाली, "पोरी, हे काय आहे?" मी म्हटलं, बिअर. ती म्हणाली, "नाही गं, नाही." नंतर ती बराच वेळ बसून होती. तिची आई शेतावर कापणीच्या माणसांसाठी बिअर करायची, ते सांगत होती.

राहिलेल्यातली थोडी मी गोगलगायींसाठी बशीत ओतून कोबीपाशी ठेवली. बिअरनं गोगलगायी मरतात म्हणतात. सकाळी त्या बशीला वळसा घालून गेलेल्या दिसल्या.

आणखी एक. शाळेचं स्वयंपाकघर बंद होतंय. सप्टेंबरपासून जेवण गावाबाहेरून गाडीनं येणार. आम्हा चौघींचा जुलैत शेवटचा दिवस.

बॅरल आलं. नळ नव्हता.

ऑड्री

*

शेटलंड, १० जुलै

प्रिय ऑड्री,

तुझं पत्र वाचून मी हादरलो. एकवीस बाटल्या.

साखरेचं तू मला विचारायला हवं होतंस. तिसरं पान बिअरसाठी आहे. चौथं पान आल्याच्या पेयासाठी, ते कुणालाही सहज लक्षात येईल. शिवाय जिन्याखाली हवा खेळत नाही. इथे मी सगळ्यांना हा प्रसंग सांगितला, चुका कशा टाळाव्यात याचं उदाहरण म्हणून. नाव घेतलं नाही.

टॉर्डॉफ म्हातारीचं मनावर घेऊ नकोस. त्या काळी लोकांना जे मिळेल ते प्यावं लागे. आता शास्त्र पुढे गेलंय.

उरलेल्या पंधरातल्या सहा प्रदर्शनासाठी बाजूला ठेव, थंडाव्याला, ओल्या फडक्यात. अर्ज माझ्या नावानं भर, वीस ऑगस्टच्या आत. रेमंडला काही कळता कामा नये. आणि नळाबद्दल दुकानाला कडक पत्र लिही.

ऑगस्टमध्येही सुट्टीचं काही खरं नाही.

तुझा,
क्लिफ

*

थॉर्नक्लफ, २ ऑगस्ट

प्रिय क्लिफ,

सहा बाटल्या ओल्या फडक्यात आहेत. अर्ज भरला. दुकानाला लिहिलं. शाळेतला शेवटचा दिवस झाला.

पाणी फार जपून वापरावं लागतंय, बागेला नळी लावायला बंदी आहे. टॉर्डॉफ आजीच्या परसातला झरा मात्र चालू आहे, तिथून बादल्या आणते.

ब्रेंडाचा नवरा केन दोन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आलाय. तो तुमच्याच कॅम्पवर इलेक्ट्रिशियन आहे हे तू कधी लिहिलं नाहीस. काल कुंपणापाशी बराच वेळ बोलत होता.

ऑड्री

*

शेटलंड, १४ ऑगस्ट

प्रिय ऑड्री,

केन चांगला माणूस आहे, पण त्याचं सगळं खरं धरू नकोस. इलेक्ट्रिशियन लोकांना अर्धंच ठाऊक असतं, ते येतात आणि जातात.

इथे गेल्या आठवड्यात पोटाची साथ आली होती. चाळीस माणसं दोन दिवस कामावर नव्हती. कँटीनच्या मटणाचं काहीतरी असावं असं माझं मत आहे आणि ते मी सांगितलंही. सध्या मला भांडारातून काढून बाहेर मोकळ्या हवेत काम दिलंय. केबलच्या रिकाम्या रिळांची हलवाहलव. तब्येतीला उत्तम. भांडाराच्या आत फार कोंडल्यासारखं होत होतं, हे मी पूर्वी तुला बोललो नव्हतो.

प्रदर्शनाचा निकाल लगेच कळव. तार केलीस तरी चालेल.

तुझा,
क्लिफ

*

थॉर्नक्लफ, ६ सप्टेंबर

प्रिय क्लिफ,

तारेत मावलं नसतं म्हणून पत्र.

शनिवारी प्रदर्शन झालं. पाऊस एकदाचा आलाय, त्यामुळे तंबूत चिखल होता. भोपळ्यांच्या आणि जॅमच्या मधल्या टेबलावर बिअर मांडली होती. अकरा जणांनी भाग घेतला. परीक्षक लीड्सहून आलेले मिस्टर इलिंगवर्थ, चाळीस वर्षं बिअरच्या कारखान्यात काढलेला माणूस, फार कमी बोलणारा. तुझी बाटली त्यांनी नीट हातात धरून उघडली. अर्धी तंबूच्या छताला लागली, उरलेली त्यांच्या चष्म्यावर. त्यांनी चष्मा पुसला, ग्लासात राहिलेलं चाखलं, आणि कार्डावर लिहिलं, 'बूच घट्ट बसवले आहे.' कार्ड सोबत पाठवते.

रेमंड होलरॉइड तिसरा आला.

पहिला नंबर पुकारताना चिटणीसांनी 'मिस्टर ए. अ‍ॅक्रॉइड' असं वाचलं. क्लबातली सगळी मंडळी म्हणाली, "अरे, क्लिफनं मारलं की." रेमंडचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग मी पुढे गेले. चिटणीस म्हणाले, "मिस्टरांच्या वतीनं घेताय का?" मी म्हटलं, "नाही, ए म्हणजे ऑड्री." टॉर्डॉफ आजी मागून म्हणाली, "आणि मिस्टर छतावर आहेत."

तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. बाटल्या फुटल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आजीनं मला बोलावलं. तिच्याकडे कपडे उकळायचा जुना तांब्याचा हंडा आहे. मोड आणून भाजलेले सातू तिच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्यानं पोतंभर दिले, तो पूर्वी हेच काम करायचा. हॉप्सची कडवट फुलं जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधली. पाणी झऱ्याचं. उकळलेलं पाणी किती निवू द्यायचं ते आजीला थर्मामीटर घालून बघावं लागत नाही. वाफ विरून पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की सातू घालायचे, एवढंच. पहिली खेप आंबट झाली, आम्ही ओतून दिली. दुसरी बरी झाली. तिसरी मी स्पर्धेला दिली. तुझा दुसरा डबा मी लावला नाही, तो ब्रेंडानं केकमध्ये घातला.

मिस्टर इलिंगवर्थ जाताना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी आजीकडे बोट दाखवलं. दोघं बाकावर बसून तासभर बोलत होते. मी शेजारी बसून ऐकत होते. क्लिफ, कितीतरी दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता केनचं. जूनमधली सुट्टी रद्द झालेली नव्हती. ऑगस्टमधलीही नव्हती. तू ती दुसऱ्याला देऊन टाकलीस. कपडे वाळवायच्या खोलीत तुझं मद्यमंडळ होतं, तू त्याचा अध्यक्ष होतास आणि अध्यक्षाला सुट्टी घेता येत नव्हती. हे केननं कुंपणापाशी सांगितलं, तेव्हा मी त्याला म्हटलं की क्लिफ असं करणार नाही. मग ब्रेंडाला त्याचं पत्र आलं. चाळीस माणसं कशानं आजारी पडली तेही त्यात होतं. सिमेंट कालवायच्या पिंपात बिअर लावली होतीस म्हणे. केन म्हणतो, कँटीनचा स्वयंपाकी अजून तुझ्याशी बोलत नाही.

मटणापेक्षा मला एका गोष्टीचा जास्त राग आला. शाळेचं स्वयंपाकघर बंद होतंय हे मी जूनमध्ये लिहिलं. अठरा वर्षं मी तिथे होते. तुझ्या उत्तरात नळ होता, रेमंड होता, ओलं फडकं होतं. ते नव्हतं. मला वाटलं, पत्राचं एक पान गहाळ झालं असेल. मी पाकीट परत उघडून बघितलं.

ऑड्री

*

शेटलंड, १५ सप्टेंबर

ऑड्री,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग जूनचं काढून वाचलं. त्यात ते लिहिलेलं आहे, सरळ, तुझ्या नेहमीच्या अक्षरात. मी तेव्हा वाचलं असणार. डोळे बाटल्यांवरच होते.

केननं सांगितलं ते सगळं खरं आहे. पिंप मी धुतलं होतं, पण पुरेसं धुतलं नव्हतं, आणि त्यातली बिअर अर्ध्या कॅम्पला पाजली. खोलीत आम्ही चौदा जण जमायचो. मी बोलायला लागलो की सगळे गप्प बसायचे. घरी, क्लबात, पूर्वीच्या कारखान्यात, कुठेच मी बोलताना कुणी गप्प बसलेलं मला आठवत नाही. त्या खोलीतून उठून घरी यावंसं वाटेना. याहून चांगलं कारण मी दोन दिवस शोधलं, सापडलं नाही.

आजारी पडल्यावर ते तेरा जण मला टाळतात. जेवताना मी एकटाच बसतो. महिनाअखेरीस मला कामावरून काढतायत. साहेबांनी भांडाराबद्दल ते वाक्य कधीच म्हटलं नव्हतं.

परीक्षकाचं कार्ड मी ठेवलंय.

शाळेतल्या बाकीच्या तिघींचं काय झालं? शेवटच्या दिवशी काय केलंत? मुख्याध्यापकबाई काही बोलल्या का? तू रडलीस का? पहिली खेप आंबट का झाली? सातू किती वेळ भिजवता? हे शेवटचे दोन प्रश्न तुला आवडले नाहीत तर त्यांची उत्तरं देऊ नकोस, आधीच्यांची दे.

तीस तारखेला बोटीनं निघतो. मी घरी आलेलं चालेल का?

क्लिफ

*

थॉर्नक्लफ, २४ सप्टेंबर

प्रिय क्लिफ,

तिघींपैकी जोनला बेकरीत काम मिळालं. दोघी घरीच आहेत. शेवटच्या दिवशी माझ्या हातून कस्टर्ड करपलं, अठरा वर्षांत पहिल्यांदाच. मुलांनी ते चाटूनपुसून खाल्लं. मुख्याध्यापकबाईंनी मला एक गुलाबाचं रोप दिलं आणि परत हात दाबला. मी तिथे रडले नाही. घरी आले, तुझ्या ओल्या फडक्यावर पाणी शिंपडलं, तेव्हा रडले.

पहिली खेप आंबट झाली कारण मी घाई केली. सातूचं आजीला विचार. मात्र तिच्याकडे जाताना काचेची नळी घेऊन जाऊ नकोस, आणि ती बोलत असेल तेव्हा तू बोलू नकोस. ती तुला पहिले दोन महिने फक्त लाकूड फोडायला लावणार आहे. मी तिला म्हटलं, क्लिफची पाठ दुखते. ती म्हणाली, "तोंड दुखलेलं ऐकलं नाही कधी."

पबचा मालक माझी बिअर मागत होता. परवान्याशिवाय विकता येत नाही, म्हणून नाही म्हटलं. त्यानंच मग मला त्याच्या स्वयंपाकघरात कामाला बोलावलंय. सोमवारपासून जाते. दुपारी बारा ते पाच. बिअर शनिवारी करते, आजीकडे. शनिवारी मी घरी नसते हे लक्षात ठेव.

घरी यायचं का, असं तू विचारलंस. मला उत्तर द्यायला चार दिवस लागले, म्हणून हे पत्र उशिरा. पाच महिने घर शांत होतं आणि मला त्याची सवय झाली होती, हे खरं आहे. परवा मटार निवडताना मी तुला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, हेही खरं आहे. ये.

तू पोचशील तो शनिवार आहे. दार उघडायला मी नसेन, किल्ली ब्रेंडाकडे आहे. जिन्याखाली माझ्या बिअरच्या सहा बाटल्या आहेत. पिऊन कशी लागली ते मला सांग. पण तोंडानं नको, लिहून ठेव. टेबलावर कागद ठेवते. तू समोर उभा राहिलास की सगळं माहीत असल्यासारखं बोलतोस, आणि मागचं पत्र मला फार आवडलं होतं.

ऑड्री